वाचननोंद: लिटा सुलिव्हन प्रकरणाचा तक्ता पूर्ण

खऱ्या सुपारी-खुनांवरची पुस्तकं वाचताना प्रत्येक प्रकरणाचा एक तक्ता करतो आहे. स्थिती: लिटा सुलिव्हन पूर्ण. मारिया मार्शल अर्ध्यावर. विद्या जैन रांगेत.

श्रीमंत नवऱ्याने बायकोची सुपारी दिली, या जातीच्या पुस्तकांत गुन्हेगार कोण हे मलपृष्ठावरच कळतं. खरं कोडं पैशाचं: तो नवऱ्याच्या हातून मारेकऱ्यापर्यंत कसा पोचला आणि कोर्टात ते कशाच्या जोरावर टिकलं. म्हणून तक्ता खुनापासून सुरू न करता पैशापासून करावा. ए-थ्री ताव आडवा धरून चार रकाने पाडायचे: तारीख, पैसा, फोन, कोर्ट. नोंदी पेन्सिलने, कारण लेखक काळात मागेपुढे उड्या मारतात आणि निम्म्या नोंदी नंतर सरकवाव्या लागतात.

लिटाचा नवरा जेम्स सुलिव्हन याने मेकन, जॉर्जियातला वारशाने आलेला दारू-वितरणाचा धंदा विकला आणि फ्लोरिडात पाम बीचला समुद्राकाठचा वाडा घेतला. १६ जानेवारी १९८७ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास अटलांटाच्या बकहेड भागात गुलाबांचा खोका घेऊन एक माणूस लिटाच्या दाराशी आला. तिने दार उघडताच गोळी झाडली. त्याच दिवशी घटस्फोटाच्या दाव्यात मालमत्तेच्या करारावर सुनावणी होती. ही सुनावणी पैशाच्या रकान्यात लिहायची, कारण हेतू तिथे आहे. पुढच्या पाऊण तासात महामार्गावरच्या एका थांब्यावरून पाम बीचला फोन गेला. ही नोंद फोनच्या रकान्यात, लाल पेन्सिलने.

चूक होते ती इथे. फोनची नोंद इतकी ठळक दिसते की १९९२ ची सुटका अनाकलनीय वाटते. पण फोन झाला एवढंच सिद्ध होतं. कुणी केला आणि काय बोलणं झालं, हे नाही. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या न्यायाधीशाने प्रकरण ज्यूरीकडे न सोपवताच सुलिव्हनला निर्दोष सोडलं. म्हणून कोर्टाचा रकाना उभा तीन भागांत चिरायचा: फेडरल, दिवाणी, राज्य. १९९४ मध्ये दिवाणी ज्यूरीने लिटाच्या आईवडिलांना ४० लाख डॉलर मंजूर केले, कारण तिथे पुराव्याचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. आणि जॉर्जिया व फेडरल सरकार या कायद्याने दोन वेगळ्या सत्ता असल्यामुळे फेडरल सुटकेनंतरही राज्याला खटला भरता आला. हे तीन पट्टे न आखल्यास राज्याच्या खटल्यात सुलिव्हनला झालेली २००६ ची जन्मठेप आकाशातून पडल्यासारखी वाटते.

साखळी तुटली १९९८ मध्ये. सुपारी घेतलेला टोनी हारवुड हा सुलिव्हनचं सामान वाहून नेलेला ट्रकचालक, रक्कम २५,००० डॉलर. तोंड उघडलं त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीने. सुपारीच्या प्रकरणांत हे पुन्हापुन्हा दिसतं: ज्याला गप्प राहण्याचे पैसे मिळालेले नाहीत, अशा माणसाचं नाव सापडलं की त्याभोवती गोल करावा. सुलिव्हन कोस्टा रिकामार्गे थायलंडला पळाला, २००२ मध्ये पकडला गेला, २००४ मध्ये अमेरिकेत आणला गेला.

एक कार्ड फक्त लिटासाठी ठेवा. पुस्तकांत वाड्याच्या संगमरवरावर पानंच्या पानं जातात आणि ती दारातच संपते, हे फार खटकतं. स्पेलमन कॉलेजची पदवीधर, गोऱ्या करोडपतीशी लग्न केलेली कृष्णवर्णीय तरुणी. तिची आई पुढे जॉर्जियाच्या विधिमंडळात निवडून गेली. आईवडिलांनी १९ वर्षं पिच्छा सोडला नाही, म्हणून निकाल लागला.

मारिया मार्शलचा खून, न्यू जर्सी, सप्टेंबर १९८४: तिचा आयुर्विमा १५ लाख डॉलर, नवरा रॉबर्ट कर्जात. इथे दगा देतं ते प्रकाशनवर्ष. या प्रकरणावरचं ऐंशीच्या दशकातलं पुस्तक मिटलं तेव्हा रॉबर्टला मृत्युदंडाची शिक्षा होती. २००४ मध्ये ती रद्द झाली, २००६ मध्ये जन्मठेप झाली, २०१५ मध्ये तो तुरुंगात मेला. गोळी झाडल्याच्या आरोपातून सुटलेल्या माणसाने २०१४ मध्ये कबुली दिली. म्हणून तक्त्याच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी सोडून, पुस्तकानंतरच्या घडामोडी वेगळ्या शाईने.

विद्या जैन, दिल्ली, डिसेंबर १९७३. नवरा राष्ट्रपतींचा नेत्रशल्यविशारद. भाडोत्री मारेकऱ्यांपैकी दोघे फासावर गेले, सुपारी देणाऱ्या डॉक्टरला जन्मठेप. इथे क्रम उलटा ठेवणार: आधी निकालपत्र, मग पुस्तक, म्हणजे लेखकाने कल्पनेने भरलेले संवाद लगेच ओळखू येतात.