अर्धा लिटर

आज सकाळी आयसीयूच्या दारात, काल हृदयाच्या ऑपरेशनसाठी मी भूल दिलेल्या रुग्णाच्या पत्नीने मला थांबवले आणि हळू आवाजात विचारले, “मॅडम, ह्यांचं तोंड एवढं सुजलंय कशानं? डोळेच दिसत नाहीत.” मी नेहमीचे उत्तर दिले: ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या बायपासच्या मशीनच्या नळ्या भरायलाच लिटर-सव्वा लिटर द्रव लागतो, त्याने रक्त पातळ होते, शिवाय परक्या नळ्यांतून फिरलेल्या रक्तामुळे अंगात दाह होऊन केशवाहिन्या झिरपू लागतात, दोन-तीन दिवसांत लघवीवाटे उतरेल. सगळे खरे होते. मुंबईत हिंदमाताला पाणी भरले की महापालिका पावसाविषयी बोलते, तशी मी झिरपण्याविषयी बोलले, ओतण्याविषयी नाही.

काल प्रोटामिन (रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा उतारा) जात असताना प्रेशर उतरले, मीन म्हणजे सरासरी रक्तदाब ५०वर आला. अन्ननलिकेतून घेतलेल्या इकोवर डावे वेन्ट्रिकल, म्हणजे हृदयाचा मुख्य कप्पा, चांगले भरलेले दिसत होते, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावल्या होत्या, रिकाम्या नव्हत्या. प्रोटामिन जरा थांबवून वाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन किंचित वाढवले असते तरी बहुधा भागले असते. पण पडद्यापलीकडून सर्जन सरांचा आवाज आला (काय म्हणाले ते राहू दे) आणि माझा अंगठा सवयीने सलाइनच्या सेटच्या चाकाकडे गेला. रिंगर लॅक्टेटची ५०० मिलिलिटरची बाटली पाहता पाहता रिकामी झाली. प्रेशर वर आले, म्हणून कोणी काही विचारले नाही. ते बाटलीमुळे आले की प्रोटामिन संपल्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

सलाइन हेही औषधच, ते डोस ठरवून द्यावे, असे रेसिडेंट मुलांना मीच बजावते. दुपारी कँटीनमध्ये मात्र मनात एवढेच येत राहिले की हृदय नीट चालले तर ऑपरेशन सरांचे आणि तोंड सुजले तर पाणी माझे. चहा गार झाला. चार्ट पुन्हा काढून पाहिला: हिशेबात अडीच लिटर जमा, त्यातले माझे बिनकामाचे अर्धा. म्हणजे ती बाटली दिली नसती तरी डोळे सुजलेच असते. हे कळल्यावर हायसे वाटायला हवे होते.

संध्याकाळी राउंडला रुग्ण जागे होते, श्वासाची नळी निघालेली, ओठ कोरडे. “मॅडम, दोन घोट पाणी द्या ना.” मी म्हटले, अजून जपून, अंगात पाणी जास्त झाले आहे. सुजलेल्या पापण्यांतून त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मग ते मला कुठं मिळालं?”

सिस्टरने चमच्याने पाजले आणि चार्टवर नीट अक्षरात लिहिले: तोंडाने, ३० मिलिलिटर.