फसलेल्या पाठांची वही

दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी मी पिशवी भरायला लागले की सासूबाई विचारायच्या, "शाळेला सुट्टी ना? मग शाळेतच काय निघालीस?" पहिल्या वर्षी मला उत्तर देता आलं नव्हतं. कुठलं परिपत्रक नाही, प्रवासभत्ता नाही, सेवापुस्तकात नोंद नाही. पाटण तालुक्यातल्या कोयनाकाठच्या वीस-पंचवीस शिक्षकांनी आपापल्या मर्जीने जिल्हा परिषदेच्या कुठल्या तरी शाळेत दोन दिवस नि एक रात्र काढायची, एवढंच ते होतं. त्याला धड नावही नव्हतं. कुणी मेळावा म्हणे, कुणी संमेलन. ज्या गावात भरायचं तिथली माणसं म्हणायची, "मास्तरांची जत्रा".

मी २००४ साली शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन ३००० रुपये, द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, दोन खोल्या. डी.एड.ला घेतलेले पाठ आणि इथली पोरं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. विचारायचं कुणाला? महिन्याला गटसंमेलन असायचं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या गावांच्या गटातल्या, बारा शाळांचे शिक्षक त्यातल्या मुख्य शाळेत, केंद्रशाळेत, जमायचे. सकाळी प्रार्थना, स्वागत, मग एक आदर्श पाठ. आदर्श पाठाची गंमत अशी, की त्यासाठी केंद्रशाळेतली हुशार दहा पोरं आदल्या दिवशीच निवडून ठेवलेली. त्यांना प्रश्न माहीत, उत्तरं माहीत, हात कधी वर करायचा तेही माहीत. आम्ही टाळ्या वाजवायचो. जेवणानंतर टपाल. अमुक माहिती तातडीने, तमुक तक्ता दोन प्रतींत. चारच्या गाडीकडे निम्म्यांचं लक्ष. परत येताना माझ्या मनात एकच असायचं: त्यांच्या शाळेतली पोरं बघा नि माझी बघा.

आमचे तेव्हाचे केंद्रप्रमुख, म्हणजे या बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, निवृत्तीला आलेले होते. महाराष्ट्रात १९९४ साली हे पद निर्माण झालं, त्यानंतरच्या पहिल्या काही नेमणुकांतले ते. "केंद्रप्रमुख म्हणजे टपाल वाटणारा नव्हे," हे त्यांचं पालुपद. कोठारी आयोगाने १९६६ साली शाळासमूहाची कल्पना मांडली होती, शेजारच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालावं म्हणून, हे ते दर दोन महिन्यांनी ऐकवायचे. आम्ही तरुण पोरं-पोरी मनातल्या मनात म्हणायचो, झालं सुरू. पण चारची गाडी चुकलेल्यांना ते चहा पाजायचे आणि त्या चहावर जे बोलणं व्हायचं ते आख्ख्या गटसंमेलनात होत नसे. एकदा तेच म्हणाले, "ही गाडी मुद्दाम चुकवायची सोय केली पाहिजे." २००६ च्या दिवाळीत ती सोय झाली.

पहिल्या मेळाव्याला आम्ही चौदा जण होतो. वर्गणी ५० रुपये. दुपारचा डबा प्रत्येकाने घरून आणायचा, त्यात दिवाळीचा फराळ आलाच. चकली कुणाची खुसखुशीत यावर दरवर्षी वाद, आणि आमच्यातल्या एका गुरुजींनी स्वतः तळलेल्या शेवेपुढे सगळ्या बायकांनी मान खाली घातलेली. रात्री पिठलं, नाचणीची भाकरी आणि नव्या तांदळाचा भात. भातकाढणीचे दिवस. शाळेच्या अंगणात कुणीतरी पेंढा रचून ठेवलेला असायचा, त्यामुळे वर्गात सतरंज्या अंथरल्या तरी रात्रभर त्याच वासात झोप. झोप म्हणजे नावाला. बायका दुसरीच्या वर्गात, पुरुष चौथीच्या वर्गात, आणि मधल्या पडवीत दोन वाजेपर्यंत बोलणं चाललेलं.

त्या पहिल्या रात्रीचं आजही आठवतं. केंद्रप्रमुख साहेबांनी अट घातली होती, की येताना प्रत्येकाने आपला एक फसलेला पाठ घेऊन यायचा. चांगला चालणार नाही. त्यांनी हे कुठून उचललं तेही त्यांनीच सांगितलं. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. पोरांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं. आणि तिथे शिक्षकांच्या मासिक बैठका होत, त्यात वर्गात काय अडलं ते शिक्षकच मांडत. साहेबांनी हे कधीतरी वाचलेलं आणि डोक्यात ठेवलेलं.

अट ऐकून आम्ही सगळे गप्प. आपण होऊन आपली फजिती कोण सांगेल? पडवीत कंदील होता (वीज गेलेली), त्याची वात साहेब उगाचच वरखाली करत बसले. मग आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ गुरुजी उठले. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळालेला माणूस. धोतर नाही, पण टोपी कायम. ते म्हणाले, "मला हातच्याची वजाबाकी शिकवता येत नाही. सत्तावीस वर्षं झाली."

कुणी हसलंसुद्धा नाही.

त्यांनी फळ्यावर मांडलं. ५२ वजा ३८. वर्गातली निम्मी पोरं उत्तर काढतात २६. दरवर्षी. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. गुरुजी म्हणाले, "पोरगं वरून-खालून काही बघत नाही. मोठ्यातून लहान वजा करतं आणि मोकळं होतं. मी ओरडतो, ते रडतं, आणि पुढच्या वर्षीचं पोरगं पुन्हा २६ काढतं." हे ऐकून मला काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं झालं. माझ्या वर्गातही २६ च येत होते, आणि मी समजत होते की मीच शिकवायला कच्ची.

त्यावर रात्री एकपर्यंत चर्चा झाली. कुणी म्हणालं, काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधा, गठ्ठा सोडल्याशिवाय आठ काड्या काढताच येणार नाहीत. कुणी म्हणालं, गठ्ठे आम्ही करतो, पोरं काड्यांनी बरोबर करतात आणि पाटीवर पुन्हा २६ लिहितात. धनगरवाड्यावरच्या शाळेतले एक सर वेगळंच बोलले. त्यांची पोरं दुकानात ५० ची नोट देऊन ३८ चा माल घेतला तर परत किती यायचे ते चुकत नाहीत. मग वहीत का चुकतात? तिथून "हातचा" या शब्दावरच गाडी आली. हातचा घेतला म्हणजे पोरांच्या लेखी काय होतं? काहीच नाही. आणि नोट सुट्टी करणं मात्र त्यांना चांगलं माहीत. एका बाईंनी सुचवलं, की हातचा हा शब्द महिनाभर वापरायचाच नाही. दहाची नोट सुट्टी करून आणायची, एवढंच बोलायचं. गुरुजींनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. पुरस्कार मिळालेला माणूस दोन वर्षं नोकरी झालेल्या बाईचं म्हणणं लिहून घेतोय, हे दृश्य मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

सकाळी साहेबांनी एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर ते सगळं आम्हाला लिहायला लावलं. तारीख, इयत्ता, काय शिकवत होतो, कुठे फसलं, काय सुचलं. वर शिक्षकाचं नाव घालायचं नाही, असं ठरलं. ज्या शाळेत पुढचा मेळावा, तिच्या मुख्याध्यापकांकडे वर्षभर वही. आम्ही तिला फसलेल्या पाठांची वही म्हणू लागलो, आणि दुसऱ्या वर्षी संख्या चौदावरून बावीस झाली.

काही वर्षं नुसती गाण्यांत गेली, तेही कबूल करते. कोळीगीतं, भारुडं, एका सरांची ढोलकी. दोन वर्षं तर वहीत एकेकच पान भरलं.

पण काही वाद अजून कानात आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तरचा तर फारच. एकोणसाठ ऐकलं की पोरं ६९ लिहितात, कारण कानाला साठ ऐकू येतं. मराठीतली अशी किती गुंतागुंतीची संख्यानामं पोरांच्या डोक्यावर बसवायची? आमच्यातल्या एकांनी "पन्नास नऊ" असं म्हणून शिकवून पाहिलेलं, आणि त्यावर दुसऱ्या बाई इतक्या चिडल्या की जेवणाची पंगत वेगळी बसली. भाषा मोडायची काय, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला "वीस सात" असं वाचन आलं आणि मंगला नारळीकरांच्या समितीवर राज्यभर टीकेची झोड उठली, तेव्हा आम्ही एकमेकांना फोन करून हसलो. आमच्या पंगती याच विषयावर कधीच्या फुटून पुन्हा जुळल्या होत्या. माझं मत? दोन्ही नावं पोरांच्या कानावर पडू द्यावीत. त्या बाईंचं मत अजून बदललेलं नाही आणि त्यांच्या हातचं पिठलं मात्र मी कधी सोडलं नाही.

मग कुमठे बीटचा काळ आला. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालची काही केंद्रं; हे आमच्याच जिल्ह्यातलं, सातारा तालुक्यातलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं अशा रीतीने, वर्ग बदलले होते, फरशीवर आकृत्या रंगवलेल्या, पोरं गटागटाने खाली बसून शिकणारी. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जायच्या. आम्ही दोन वडाप जीप ठरवून गेलो. त्या वर्षी, २०१५ मध्ये, २२ जूनला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या राज्यभरच्या मोहिमेचा शासन निर्णय निघाला आणि सगळीकडे एकच लगबग सुरू झाली. परत येऊन आम्ही पण ऑइलपेंटचे डबे आणले, फरश्या रंगवल्या. दिवाळीच्या मेळाव्यात जो-तो मोबाइलमधले आपल्या फरशीचे फोटो दाखवत होता. आदर्श पाठच पुन्हा, फक्त रंगीत. मी स्वतः सात फोटो दाखवले. तेव्हा टोपीवाल्या गुरुजींनी (ते निवृत्त झाले होते, तरी यायचे) एवढंच विचारलं, "छान काढलंय. पोरं त्यावर काय करतात?" माझी पोरं त्या आकृत्यांवरून उड्या मारत होती. कुमठ्याच्या बाई मात्र रोज तसल्याच आकृतीवर बसून कुठल्या पोराला काय कळलं ते टिपत होत्या, हे मी डोळ्यांनी बघूनही पाहिलेलं नव्हतं. ते पान वहीत माझ्या अक्षरात आहे. नाव नाही, पण अक्षर सगळे ओळखतात.

२०१८ मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या आणि मंडळ संपलं असंच वाटलं. ज्याला त्याला खो बसला. कुणी माणला, कुणी जावळीत, कुणी खंडाळ्याला. मला वाटलं, यंदा सहा जण आलो तरी पुष्कळ. आले एकतीस! बदलून गेलेले सगळे आलेच, पण येताना नव्या शाळेतला एकेक जोडीदार घेऊन आले. माणच्या दुष्काळी भागातल्या एका सरांनी सांगितलं, की त्यांच्याकडे गळिताच्या हंगामात अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि फेब्रुवारीत येणाऱ्या पोराला जूनपासून कसं शिकवायचं हे त्यांना कळत नाही. आमच्या डोंगरात हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आमच्याकडे उत्तरही नव्हतं. आम्ही ऐकलं. वहीत "काय सुचलं" ची ओळ कोरी सोडली.

२०२० ला मेळावा झाला नाही. शाळा बंद, पण शिक्षण आहे, असं रोज मोबाइलवर येत होतं आणि आमच्या निम्म्या वाड्यांवर रेंजच नाही. आम्ही मास्क लावून वस्तीवस्तीला फिरत होतो. डिसेंबरात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बातमी ऐकून आनंद झालाच, पण बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली हे कळल्यावर टोपीवाल्या गुरुजींचा मला फोन आला. म्हणाले, "आपला माणूस आहे." मी म्हटलं, सोलापूर जिल्ह्यातले आहेत, आपल्या कुणाच्या ओळखीचे नाहीत. ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे गं."

गुरुजी आता नाहीत.

गेल्या मेळाव्यात शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नव्याने लागलेली एक मुलगी आली होती. अवघड क्षेत्रातली शाळा, तिच्या आधी वर्षभर तिथे एकच शिक्षक. दोन दिवस ती फारसं बोलली नाही, फक्त वही घेऊन कोपऱ्यात बसलेली. आता वह्या तीन झाल्यात, पहिलीची पानं सुटायला लागलीत. निघताना म्हणाली, "मॅडम, पहिली वही नेऊ का? झेरॉक्स काढून परत देते." पुढचा मेळावा तिच्या शाळेत नव्हता, म्हणजे नियमात बसत नव्हतं. मी दिली.

जानेवारीत एका रात्री तिचा फोन. "मॅडम, माझ्या पोरांनी ६१ वजा २७ चे ४६ काढले. अकरापैकी सात जणांनी."

"मग?"

"मग काही नाही. मी नोट सुट्टी करून बघितली. चौघांना जमलं, तिघं तिथंच आहेत. वहीत लिहू का? पहिल्याच पानाखाली थोडी जागा आहे."

"लिही की. तारीख घाल," मी म्हटलं.