कोंबडीचा गुडघा कुठं असतो?

आमचं शेड खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या अलीकडं, भातशेतीला लागून. शेडमध्ये ब्रॉयलर आणि घरामागच्या परड्यात सासूबाईंच्या गावठी कोंबड्या. दोन्हींची चाल रोज डोळ्यांसमोर असते. मुंगूस दिसलं की गावठी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मान पुढं काढून बांधावरनं सुसाट पळते. पाचव्या आठवड्यातला ब्रॉयलर पाण्याच्या भांड्यापर्यंत जाताना मध्येच तुसावर बसतो.

ब्रॉयलरचे पाय कमजोर, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. पायांना नावं ठेवण्याआधी अंगाचा भार कुठं पडतोय ते बघायला पाहिजे.

शेजारचा पोरगा परवा विचारत होता, "अक्का, कोंबडीचा गुडघा उलटा का वाकतो?" मी एक तलंग त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्या कुशीतल्या पिसांखाली घातली. उलटा वाकतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा. रश्श्यातली तंगडी आठवा: तिचं जाड टोक म्हणजे गुडघा आणि जिथनं खवल्यांचा पिवळा पाय सुरू होतो तो घोटा. त्याच्या खाली कोंबडी नुसत्या बोटांवर चालते. खरा गुडघा पिसांत, पोटाला चिकटून असतो, आणि मांडीचं हाड खुब्यातनं खाली न येता जवळजवळ आडवं पुढं गेलेलं असतं. तलंगेनं पाय झाडला तेव्हा पोराच्या बोटांना ते कळलं. मांडी जेमतेम हलली, झटका सगळा गुडघ्याखालनं आला.

मांडी अशी आडवी का? पक्ष्याला हाडांची लांब शेपटी नाही, आणि उडायचं सगळं मांस छातीवर. म्हणजे भार खुब्याच्या पुढं. पाय सरळ खाली आले असते तर कोंबडी चोचीवर पडली असती. मांडी पुढं झुकली की पावलं बरोबर भाराखाली येतात. पक्ष्यांचे पूर्वज असलेल्या दोन पायांच्या डायनोसॉरना मागं जड शेपूट होतं, त्यामुळं त्यांची मांडी बरीच उभी असायची आणि चाल खुब्यातनं चालायची. चिलीतल्या संशोधकांनी याची मोठी छान परीक्षा घेतली. पिल्लांच्या मागं वजनदार काठीची शेपटी बांधून त्यांनी ती वाढवली आणि 2014 साली निष्कर्ष छापले. त्या कोंबड्यांची मांडी जास्त उभी राहिली आणि पाय खुब्यातनं जास्त हलायला लागला. जात तीच, फक्त भार मागं सरकला.

ब्रॉयलरमध्ये माणसानं नेमकं उलटं केलंय. छाती वाढवत नेली, आणि सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा पक्षी उभा केला. छातीशी तांदळाचं पोतं धरून चालणाऱ्या माणसासारखं त्याचं होतं. पाय फाकलेले, पाऊल आखूड, अंग डावीउजवीकडं झुलतंय आणि दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर. थकला की घोट्यांवर बसतो. खालची तुसाची गादी ओली असली तर तिथली कातडी काळी पडते, मग उठायचंही नको होतं. मला ते बघवत नाही.

टिबुकली या पाणपक्ष्याचं वेगळं. तळ्यात तिच्यासारखी बुडी मारणारं कोण नाही, पण पाय पार शेपटीकडं असल्यानं जमिनीवर तिला धड चालता येत नाही. तिचं पाण्यात भागतं. ब्रॉयलरला दाणा, पाणी सगळ्यासाठी चालावंच लागतं.

म्हणून गादी मी रोज हलवते, ओलं तूस काढून टाकते. लहान पिल्लांना रात्री काही तास अंधार देते, म्हणजे वजन जरा सावकाश चढतं आणि पायांना वेळ मिळतो. माल भरायला गाडी आली की पोरांना सांगते, "एका तंगडीला धरून लटकवू नका रे, खुबा निखळतो. दोन्ही हातांनी अंगाखालनं उचला." भरायला वेळ लागतो, ड्रायव्हर कुरकुरतो, पोरांना हमाली जास्त द्यावी लागते. ती मी देते.