आमची वाटचाल: दोन सेन्सर आणि एक घासलेली वायर

जळगावात अजिंठा चौफुलीजवळ वडिलांचं डिझेल इंजिनच्या पंप-नोझलचं वर्कशॉप होतं. कुठला सिलिंडर मिस मारतोय ते आवाजावरून ओळखायचे. माझ्या हाती काम आलं तोवर इंजिनांवर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बसलेला. एप्रिल 2021 पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम मशीनला सीईव्ही-4 हे धुराचे नियम लागू झाले आणि सेन्सर आणखी वाढले. कर्ज काढून ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. वाटलं, कोड वाचायचा, पार्ट बदलायचा, बिल फाडायचं.

ही मस्ती पारोळ्याकडच्या एका मुरमाच्या खाणीवर उतरली. पोकलेनवर कोड होता एसपीएन 100, एफएमआय 4. एसपीएन सांगतो बिघाड कुठे, एफएमआय सांगतो कसला; म्हणजे ऑइल प्रेशरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. सेन्सर बदलला. दोन दिवसांनी ऑपरेटरचा फोन: "भाऊ, मशीन परत बंद पडनी." दुसरा सेन्सर टाकला, तोही गेला म्हणे. तिसऱ्या खेपेला मालकांनी चहासुद्धा विचारला नाही. मग मल्टिमीटर काढला, जो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. सेन्सरच्या कपलरवर, म्हणजे वायरच्या प्लगवर, पाच व्होल्ट बरोबर येत होते. स्विच बंद करून सिग्नलच्या वायरची दोन्ही टोकं सोडली, एक प्रोब तिला, एक बॉडीला लावला आणि हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हलवला. मीटर पीं करून ओरडला. क्लॅम्पखाली वायर ब्रॅकेटला घासून तांबं उघडं पडलं होतं. इंजिन थरथरलं की वायर बॉडीला टेकून शॉर्ट व्हायची. हातभर वायर आणि स्लीव्ह, एवढंच काम. दोन्ही सेन्सरचे पैसे आम्ही सोडले.

तेव्हापासून पोरांना पहिलं हेच शिकवतो. कूलंट टेम्परेचरला एफएमआय 4 आला तर कपलर काढा. कोड 3 वर, म्हणजे व्होल्टेज जास्त, गेला तर वायरिंग ठीक, सेन्सर खराब. 4 तसाच राहिला तर वायर बघा, उंदरांनी कुरतडलेलीही असते. तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. "कोड तर ऑपरेटरलाही दिसतो," म्हणायचे. दिसतो ना!

गेल्या उन्हाळ्यात उलटंच झालं. पुन्हा एसपीएन 100, पण एफएमआय 1, म्हणजे सर्किट ठीक, ऑइल प्रेशरच फार कमी. मालक म्हणाले, "तुमची ती वायरच असेल, जोडून द्या, हायवा लाइनीत उभ्या आहेत." वडिलांच्या पेटीतला प्रेशर मोजायचा जुना काट्याचा गेज सेन्सरच्या जागी लावला. गरम इंजिन, स्लोवर काटा जेमतेम हलला. मशीन तिथेच बंद करायला लावली. ऑइलचं चेंबर खोललं तर तळाला बेअरिंगचा चुरा.