‘शे’ची वही: आत्तापर्यंतची मजल

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: मी एकच आवाज धरून चाललोय. ‘शे’, आणि त्याचा जुळा भाऊ ‘से’. आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत दोन्ही चालतात. एका गावात ‘काय शे?’ ऐकू येतं, पुढच्या गावात ‘काय से?’, आणि दोन्हीचा अर्थ ‘काय आहे?’ असाच. हाच आवाज जगात आणखी कुठे कुठे आणि कोणत्या अर्थानं बोलला जातो, ते या वहीत गोळा करतोय.

नियम एकच ठेवलाय. शब्द कानाला ‘शे’ किंवा ‘से’ लागला पाहिजे, रोमन लिपीत कसा लिहितात ते बघायचं नाही. त्यामुळे चिनी भाषेतला ‘रंग’ या अर्थाचा शब्द बाहेर राहिला. रोमन लिपीत त्याचं रूप अगदी ‘से’सारखं दिसतं, पण उच्चार ‘स’च्या जवळ जातो. उलट फ्रेंचमधला शब्द लिहिताना मध्ये चिन्ह, शेवटी मुका त, असा सगळा पसारा आहे, पण तोंडातून येतो तो स्वच्छ ‘से’. तो आत आला.

आणि आत आला तो थेट पहिल्या पानावर. आमच्याकडे दार वाजलं की आतून विचारतात, ‘कोन शे?’ बाहेरचा म्हणतो, ‘मी शे.’ फ्रेंच घरात दार वाजलं तर आतून येतं ‘से की?’, आणि बाहेरून उत्तर ‘से म्वा’. म्हणजे ‘कोण आहे?’ आणि ‘मी आहे’. इतक्या पानांत आवाजही तोच आणि कामही तेच, अशी खानदेशाबाहेरची लांबची जोडी ही एकच सापडली. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उभा राहून ते मोठ्यानं म्हणून बघितलं होतं.

पण शब्द उसवून पाहिला की गंमत वेगळीच निघते. फ्रेंच ‘से’ हे दोन शब्दांचं गाठोडं आहे. त्यातला ‘स’ येतो ‘हे’ या अर्थाच्या सर्वनामातून. ‘आहे’ म्हणणारं क्रियापद म्हणजे उरलेला नुसता ‘ए’. ते लॅटिन ‘एस्त’वरून आलेलं आहे. लॅटिन ‘एस्त’ आणि संस्कृत ‘अस्ति’ हे सख्खे नातेवाईक आहेत, तेव्हा दूरचं नातं आपल्या ‘असणे’शी लागतं हे खरंच. पण कानाला जो ‘स’ सारखा वाटतो तोच नेमका नात्यातला नाही. सारखेपणा एका जागी आणि नातं दुसऱ्या जागी! म्हणून या पानावर मी तांबड्या शाईनं ‘योगायोग’ लिहिलंय आणि तरीही ते पान वहीतलं माझं सर्वात आवडतं आहे.

मग आमच्या ‘शे’चे खरे सोयरे कोण? त्यासाठी लांब जावं लागत नाही. तापी ओलांडून गुजरातेत शिरलं की ‘छे’. काठियावाडी बोलण्यात तोच ‘से’ होतो. सातपुड्याच्या पलीकडे खरगोन-खंडव्याच्या निमाडीत पुन्हा ‘छे’. आमच्याच तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवर ‘छ’. तिथून नकाशावर बोट वर नेत गेलं की राजस्थानात ‘छै’, मिथिलेत ‘छै’ आणि ‘अछि’, कुमाऊँत आणि नेपाळात ‘छ’, काश्मिरात ‘छु’, बंगालात ‘आछे’. हा सगळा गोतावळा प्राकृतातल्या ‘अच्छइ’पर्यंत नेता येतो. अहिराणीचा ‘शे’ मी याच पंगतीत बसवतो, कारण एकटा ‘शे’च तिकडे झुकत नाही. ‘घरमा’, ‘वावरमा’ यांतला ‘मा’, ‘रामना’, ‘रामनी’ यांतला ‘ना-नी’, हे सगळं गुजरातीशी जुळतं. ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १९०५ मध्ये मराठीला स्वतंत्र सातवा खंड दिला, पण खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, त्यात न घालता १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींबरोबर ठेवलं, ते उगाच नव्हे. त्यांच्या वर्गवारीवर वाद घालायला भरपूर जागा आहे. डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणणारी ही बोली मराठीच्या अंगणातही तितकीच वावरते. पण ‘शे’ म्हणजे ‘आहे’चा बिघडलेला उच्चार, असं जे पोरांना सांगितलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. ‘आहे’ मोडून ‘शे’ झालेला नाही. काश्मीर ते बंगाल पसरलेल्या घराण्यातला तो शब्द आहे, आणि तो म्हणताना पोरानं मान खाली घालायचं काही कारण नाही.

आता आकड्यांचं पान. या खेपेला सर्वात जास्त भर इथेच पडली.

मराठीत ‘शे’ म्हणजे शंभर: दोनशे, पाचशे, शे-दोनशे माणसं. त्यामुळे आमच्या बाजारात ‘दोनशे शेतस’ असं वाक्य सहज ऐकू येतं, म्हणजे ‘दोनशे आहेत’. पहिला ‘शे’ शतातला, दुसरा असण्यातला. फारसीत ‘से’ म्हणजे तीन. सतारीच्या नावात हेच ‘से’ आहे, तीन तारांचं वाद्य म्हणून. हे तीन आपल्या ‘तीन’चंच भावंड आहे, संस्कृत ‘त्रि’मधला जोडाक्षराचा आवाज इराणी बाजूला झिजत झिजत ‘स’वर आला. मालेगावात उर्दू नियतकालिकं चाळताना मुखपृष्ठावर ‘सेहमाही’ दिसलं की आपला मराठी माणूस सहामाही समजतो, पण ते तिमाही असतं. आणि आयरिश भाषेत ‘शे’ म्हणजे चक्क सहा! ते आपल्या ‘सहा’च्या, म्हणजे संस्कृत ‘षष्’च्या नात्यातलं. एकाच आवाजाची तीन, सहा आणि शंभर अशी तीन मोलं, आणि तिन्हींची मुळं आपल्याच घरच्या आकड्यांशी जुळणारी. हे पान भरताना मला जो आनंद झाला तो सांगायला शब्द कमी पडतील.

आयरिश ‘शे’ आणखी एका अर्थानं वहीत आहे: ‘तो’. लगेच शेजारी बंगाली. लिहितात ‘से’, म्हणतात ‘शे’, आणि अर्थ ‘तो’ किंवा ‘ती’, दोन्ही. बंगालीचा मागोवा मात्र सुरेख लागतो. मागधी प्राकृतात ‘स’चा ‘श’ व्हायचा आणि ‘सः’सारख्या रूपाच्या शेवटी ‘ए’ यायचा, म्हणजे ‘सः’चं ‘शे’. संस्कृत नाटकांत कोळी, पहारेकरी अशा पात्रांच्या तोंडी ही मागधी घातलेली असे. तेच ‘शे’ आज कोलकात्यात रोज बोललं जातंय. ओडियात तेच ‘से’. फिनलंडच्या भाषेतही ‘से’ म्हणजे ‘ते’, आणि रोजच्या बोलण्यात माणसालाही ‘से’च म्हणतात, बाई असो की बुवा. पण त्या भाषेचं कुळच निराळं, तेव्हा तिथे पुन्हा तांबडी शाई.

उरलेल्या नोंदी भरभर. हिंदीतलं ‘दिल्ली से’ भुसावळ जंक्शनवर दिवसभर कानावर पडतं, त्यावर वेगळं काय लिहायचं. इटालियनमध्ये ‘से’ म्हणजे ‘जर’. स्वीडिशमध्ये ‘बघणे’. जपानीत ‘पाठ’, आपल्या अंगाची. स्पॅनिशमध्ये ‘नो से’ म्हणजे ‘मला माहीत नाही’, त्यातलं ‘से’ म्हणजे ‘मी जाणतो’. हरियाणवी ‘सै’ अर्थानं आमचाच, ‘आहे’, पण स्वर थोडा रुंद आहे, म्हणून तो सध्या समासात लिहून ठेवलाय.

पुढचं काम ठरलंय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, पंजाब अशा सगळीकडचे व्यापारी तापीकाठी येतात. एकच वाक्य घेऊन फिरायचं, घोड्याची किंमत विचारायचं. आमच्याकडे ते ‘हाऊ घोडा कितलाना शे?’ असं होतं, गुजरातीत ‘आ घोडो केटलानो छे?’. दोन्ही एकाखाली एक लिहून बघा, ‘कितलाना’ आणि ‘केटलानो’सुद्धा किती जवळ बसतात ते. प्रत्येकाच्या बोलीत हे वाक्य मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, सोबत गाव आणि तालुका लिहायचा. नंदुरबारकडच्या पावरी आणि गुजरी बोलींचे रकाने वहीत अजून कोरे आहेत. त्या बोलणारी माणसं यात्रेत हमखास भेटतील, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करणार आहे.