पिकअपचा ओबीडी पोर्ट बंद पडला तेव्हा : माझा अनुभव

पिकअपचा चेक इंजिन लाइट लागला होता आणि बिघाडाचा कोड वाचायला ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचं डॅशखालचं सॉकेट) स्कॅनर लावला, तर तो चालूच होईना. स्क्रीन काळीच. दुसऱ्या गाडीला लावून बघितला, लगेच सुरू झाला. म्हणजे गडबड पिकअपमध्येच होती. अशा वेळी बरेचजण थेट 'ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला' म्हणतात, पण इंजिन व्यवस्थित सुरू होत होतं, गाडी पळत होती. ईसीयू गेला असता तर हे झालंच नसतं.

ओबीडी पोर्टला १६ पिना असतात. पोर्टची रुंद बाजू वर ठेवून बघितलं की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. यातली १६ नंबरची पिन थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हची, चावी बंद असली तरी तिथे करंट हवाच. ४ आणि ५ अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक १६ ला, काळं टोक ४ ला लावलं. आकडा शून्य. मग काळं टोक डॅशखालच्या उघड्या बोल्टला टेकवलं, तरी शून्य. म्हणजे अर्थची तक्रार नव्हती, पॉझिटिव्हच येत नव्हता. (स्कॅनर पेटतो पण गाडीशी बोलत नाही, ही तक्रार वेगळी. कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणारी दोन तारांची लाइन) असलेल्या गाडीत तेव्हा बॅटरीची जोडणी काढून ६ आणि १४ या पिनांमधला रेझिस्टन्स बघायचा, तो साधारण ६० ओहम यायला हवा.)

आता फ्यूज शोधायचा. झाकणावरच्या नकाशात 'ओबीडी' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि इथेच माणूस अडकतो. पुष्कळ गाड्यांमध्ये हा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर सामाईक असतो. लायटरमध्ये चार्जर लावून बघितला, तोही बंद. धागा सापडला! चावी काढून डॅशखालच्या बॉक्समधून लायटरचा पिवळा २० अँपिअरचा फ्यूज चिमट्याने ओढला. प्लास्टिकमधून आतली तार तुटलेली आणि कडेला काळा डाग स्पष्ट दिसत होता.

नवा फ्यूज खोचून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तो टाळला, कारण फ्यूज उगीच उडत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, मल्टिमीटर ओहमवर घेतला आणि रिकाम्या खाचेच्या लोडकडच्या, म्हणजे लायटरकडे जाणाऱ्या बाजूपासून अर्थपर्यंत मोजलं. जवळजवळ शून्य, म्हणजे शॉर्ट अजून होताच. त्या क्षणी नवा फ्यूज घातला असता तर तोही गेला असता. लायटर सॉकेटच्या मागचा कनेक्टर काढला आणि आकडा झटकन वर गेला. वायरिंग ठीक, शॉर्ट सॉकेटमध्येच.

टॉर्च मारून सॉकेटच्या तळाशी बघितलं तर कुठल्यातरी चार्जरच्या बाजूची वाकडी स्प्रिंगपट्टी तुटून आत पडली होती. तिचं एक टोक मधल्या पॉझिटिव्हला आणि दुसरं बाहेरच्या नळीला टेकलेलं. बॅटरी सुटलेली होती म्हणून निर्धास्तपणे बारीक पक्कडीने काढली. बॅटरी जोडलेली असताना सॉकेटमध्ये धातूचं काही घालू नये, हे मी कळकळीने सांगतो. सॉकेटचा तळ काळवंडला होता, तो साफ केला, कनेक्टर बसवून पुन्हा मोजलं. शॉर्ट गेला होता.

मग तसाच २० अँपिअरचा फ्यूज घातला. ३० चा हिरवा घालून 'आता उडणार नाही' म्हणणारे भेटतात. तो नाही उडत, जळते ती वायर. फ्यूजचं काम वायर वाचवणं हे आहे, त्यामुळे लिहिलेल्या अँपिअरपेक्षा वर कधीही जायचं नाही.

निगेटिव्ह जोडलं, १६ आणि ४ मध्ये १२ व्होल्टच्या वर आकडा आला, स्कॅनर लावताच पेटला आणि कोड दिसला : पी०१२८. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाहीये, असा त्याचा अर्थ. इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघितली, ती बरोबर होती, म्हणून आता थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) मी खोलून बघतोय.