काकूंच्या नऊ चुका

एसवायच्या मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी दर वर्षी अ‍ॅशचा प्रयोग घेते. खर्च जवळजवळ नाही. ड्रॉइंग पेपरची अठरा कार्डं, मार्करने ओढलेल्या रेघा आणि बेधडक खोटं बोलणारी सात पोरं. ती तर आमच्या पुण्यात शोधावीही लागत नाहीत. डावीकडे एक रेघ, उजवीकडे अ, ब, क अशा तीन. डावीकडच्या रेघेएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने 1951 साली हे छापलं तेव्हापासून खेळ तोच आहे. अठरापैकी बारा वेळा पोरं आधी ठरवून एकच चुकीचं उत्तर देतात. शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्याला यातलं काही ठाऊक नसतं. गटाच्या दबावाखाली तो काय म्हणतो ते आपण टिपायचं.

खरी अडचण असते हा बकरा मिळवण्याची, कारण वर्गात गुपित टिकत नाही. यंदा ती आली नाही. बेत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिजला आणि काकू त्या ग्रुपवर नव्हत्या.

काकू आमच्या एसवायच्या विद्यार्थिनी. सिंहगड रोडला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे चारला उठून पोळ्यांचं काम उरकायचं आणि मग बसने कॉलेज गाठायचं. मुलगी सासरी गेल्यावर लग्नात सुटलेलं बीए पुरं करायला बसल्या. जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यांना ग्रुपवर घ्यावं असं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. त्या दिवशी ते माझ्या पथ्यावरच पडलं.

पहिल्या दोन खोट्या फेऱ्यांत काकू ठाम राहिल्या. "ब," म्हणाल्या, जरा चढ्या आवाजात, जणू बाकीच्यांना नीट ऐकू गेलं नसावं. तिसऱ्या फेरीला चष्मा काढून पदराने पुसला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "क." मग अ, अ, क. पोरांच्या मागोमाग, बिनतक्रार. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी डोळे वटारले खरे, पण तक्ता छान भरत चाललाय म्हणून आतून मीही खूशच होते.

नवव्या फेरीला तिसऱ्या खुर्चीवरचा मुलगा ठरलेलं उत्तर विसरला आणि खरं बोलून गेला. गच्च भरलेल्या बसमध्ये ओळखीचं माणूस दिसावं तसं काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि ताबडतोब बरोबर उत्तर दिलं. अ‍ॅशने हे मुद्दाम करून पाहिलं होतं. खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला की चुका साधारण चौथाईवर येतात. आमच्याकडे ते विसरभोळेपणामुळे घडलं. पुढच्या कार्डाला पोरगा वाटेवर आला, काकूही आल्या.

बारापैकी नऊ चुका. अ‍ॅशच्या प्रयोगांत चुकांचं प्रमाण सुमारे 37 टक्के होतं. म्हणजे एवढ्या दबावातही जवळपास दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि साधारण पाव लोक एकदाही ढळले नव्हते. पाठ्यपुस्तकांना ही दुसरी बाजू सांगायचा कंटाळा येतो.

मग काकूंना सगळं उलगडून सांगितलं, माफी मागितली, अंतर्निरीक्षणाचा, म्हणजे प्रयोगात मनात काय चाललं होतं ते लिहायचा, कागद पुढे केला. त्या काय लिहिणार हे पोरांनी आधीच गृहीत धरलं होतं: हसं होईल ही भीती.

"लिहिते मग, आधी सांगते," काकू म्हणाल्या. "रेघ मला दिसत होती हो मॅडम. वाटलं, पोरं चुकतायत. सगळीच्या सगळी, आणि तुम्ही वहीत टिपून घेताय. मी एकटीच बरोबर निघाले तर ह्यांचे मार्क जायचे."

"म्हणजे लाज वाटली म्हणून नाही?"

"लाज कसली? ह्या वयात ह्यांच्यात येऊन बसते, तिथेच संपली ती." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकदा फसले होते मात्र. गणपती दूध प्यायले तेव्हा."

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. काकू तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात नव्या सून होत्या. सासूबाईंबरोबर दोन तास रांगेत उभ्या होत्या. "चमचा सोंडेला लावला आणि दूध गेलं. ह्या डोळ्यांनी पाहिलं. खाली ओघळ होता, तोही पाहिला. पण ओघळ पाहिल्याचं मला दुसऱ्या वर्षी आठवलं."

पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ पापुद्र्यासारखं उतरतं, हे शास्त्रज्ञांनी तेव्हाच रंगीत दूध वापरून दाखवलं होतं. पण रांगेत उभ्या असलेल्या नव्या सुनेला ते कोण दाखवणार? मला अ‍ॅशच्या लहानपणची गोष्ट आठवली. पोलंडमध्ये ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला एलिया संदेष्ट्यासाठी पेला भरून ठेवत. काका म्हणाले, नीट बघ, तो घोट घेतो. लहानग्या अ‍ॅशला पेल्यातली पातळी किंचित उतरलेली दिसली.

डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली मांडलेला भेद मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते: सगळे म्हणतात म्हणजे तसं असेल असं मानणं वेगळं, आणि सगळ्यांत वाईट दिसू नये म्हणून हो म्हणणं वेगळं. दूध पहिल्यात बसतं. पण रेघ दुसऱ्यात नीट बसेना. ज्या पोरांनी त्यांना फसवायला बसवलं होतं, त्यांचे मार्क वाचवायला ही बाई खोटं बोलत होती. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी काकूंना ग्रुपवर घेतलं. रात्री त्यांचा पहिला मेसेज आला: "उद्या कोणाला डबा हवा असेल तर नऊच्या आत सांगा."

सोमवारी जर्नलं तपासायला आली. बावीस जर्नलांत निष्कर्ष एकच, शब्दही तेच, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच: 'सब्जेक्ट गटाच्या दबावाला बळि पडला.' काकूंचं तेविसावं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'सब्जेक्टला रेघ दिसत होती.'